चढ्या सुराचं कॉर्नेट : एका हौशी वाद्यवृंदातलं प्रकरण

प्रकरण एका जुन्या कॉर्नेटचं, म्हणजे ट्रम्पेटसारख्या छोट्या पितळी वाद्याचं आहे आणि ते वाजवणाऱ्या शाळकरी मुलाचं. पुण्यातल्या आमच्या हौशी वाद्यवृंदात हा मुलगा आला आणि थोड्याच दिवसांत त्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत झालं: पोरगा मेहनती आहे, पण कानाचा कच्चा आहे. कॉर्नेट त्याच्या आजोबांचं. आजोबांनी उमेदीची वर्षं वराती आणि मिरवणुका वाजवण्यात घालवली. गुडघे गेल्यावर वाद्य पेटीत बंद झालं, ते नातवाने बाहेर काढलं.

मी त्याच वृंदात युफोनियम हे खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य वाजवतो. नोकरी सांभाळून उरलेला वेळ घरच्या जुन्या डेस्कटॉपपुढे जातो: लिनक्स, पायथन, आवाजाच्या फायली, स्वरलेखनाचे कागद छापणं. हे दोन छंद सहसा आपापल्या खोलीत असतात. या मुलाच्या निमित्ताने ते एका टेबलावर आले. त्यातून जे कळलं ते इतर हौशी वादकांच्या उपयोगाचं आहे असं मला मनापासून वाटतं. एखाद्याला बेसूर ठरवण्याआधी त्याचा सूर मोजला पाहिजे, आणि त्यासाठी घरातला संगणक पुरेसा असतो.

तक्रार

आमच्याकडे दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, माझं युफोनियम, पेटी, कीबोर्ड आणि तालवाद्यं असा मेळ आहे. पितळी वाद्यं बहुतेक काळी पाचची, पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीची. म्हणजे एकही व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) न दाबता फुंकलं की काळी पाचचा सूर निघतो. म्हणून आमचा सा तोच. कीबोर्डवर काळी पाच दाबून धरायची आणि एकेकाने त्याला सूर मिळवायचा, ही रोजची सुरुवात.

मुलाचा सूर सुरुवातीला चढा लागायचा. मग तो खाली सरकायचा, कीबोर्डच्या जवळ यायचा आणि तिथे डगमगत राहायचा. पंधरावीस मिनिटांत त्याचे ओठ थकायचे. सगळ्यांत वाईट म्हणजे आवाजाला झळाळी नव्हती. कॉर्नेटचा आवाज गोल आणि खुला असतो; याचा मात्र उशीखालून आल्यासारखा दबका. मधल्या सप्तकातला रे तर इतका चढा की ट्रॉम्बोनवाले मान वळवून बघायचे.

फोनवरच्या ट्यूनरने गोंधळात भर घातली. त्याचा काटा क्षणभर लाल होऊन हिरव्यात स्थिरावायचा. ट्यूनर हिरवा दाखवतोय, म्हणजे वाद्य सुरात लागू शकतं. मग दोष वाजवणाऱ्याचा, असा अर्थ सगळ्यांनी काढला.

शेवटी आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांनी ते कॉर्नेट हातात घेतलं. मास्तर मुरलेले वादक. त्यांनी भूपाचे चार संथ आलाप घेतले आणि ते सुरात लागले. "वाद्य ठीक आहे," ते म्हणाले, "पोराचं तोंड अजून बसलेलं नाही. लांब सूर भरू दे, येईल." निकाल लागला. मास्तरांच्या जागी दुसरा कोणीही जाणकार असता तरी त्याने हेच सांगितलं असतं. दुसऱ्याचं वाद्य आपण वाजवून बघणं ही रूढ परीक्षा आहे आणि एरवी ती खरी ठरते.

त्या संध्याकाळी वाद्य पुसता पुसता मुलगा मला म्हणाला, "काका, मला सूर ऐकू येतो. कुठे लागायला हवा ते कळतं. तिथे नेला की आवाज मरतो." कानाचा कच्चा मुलगा हे वाक्य बोलणार नाही. मी त्याला रविवारी वाद्य घेऊन घरी बोलावलं.

मोजायचं कसं

माइकसमोर सूर धरायचा आणि संगणकाला त्याची कंपनं मोजायला लावायची, इतकं हे काम सोपं वाटतं. पण पितळी वाद्याच्या बाबतीत दोन अडचणी येतात.

पहिली अचूकतेची. संगणक आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतो. त्यातले 4,096 नमुने उचलून फूरिये रूपांतर (आवाजातली कंपनं वेगळी काढण्याचं गणित) केलं तर मिळणाऱ्या पट्ट्या सुमारे 10.8 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, रुंदीच्या असतात. काळी पाचचा आमचा मधला सा 233 हर्ट्झचा. तिथे 10.8 हर्ट्झ म्हणजे जवळजवळ 78 सेंट. (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं, म्हणजे काळी पाच ते पांढरी सातचं, अंतर 100 सेंट.) पाऊण पट्टीची चूक पोटात घालणारं माप इथे निरुपयोगी आहे. नमुने वाढवले तर अचूकता वाढते, पण मग दीड सेकंदाची सरासरी हाती येते आणि त्या दीड सेकंदात सूर कुठून कुठे गेला ते दिसत नाही. आमचं सगळं कोडं तर त्या सरकण्यातच होतं.

दुसरी अडचण अशी की कॉर्नेटच्या खालच्या सुरात मूळ कंपनापेक्षा त्याचे वरचे उपस्वर बऱ्याचदा जास्त जोरकस असतात. सर्वांत उंच शिखर शोधणारा भाबडा प्रोग्राम सरळ एक सप्तक वरचा सूर सांगून मोकळा होतो.

दोन्हींवर उतारा म्हणजे स्वयंसहसंबंध. लहर स्वतःवरच थोडी थोडी सरकवत न्यायची आणि ती पुन्हा स्वतःशी जुळते ते अंतर शोधायचं. 2002 साली प्रसिद्ध झालेली यिन ही पद्धत याच कल्पनेवर उभी आहे आणि तिने सप्तकाची चूक बरीच आटोक्यात आणली. 233 हर्ट्झच्या सुराला एका आवर्तनात 189 नमुने बसतात. नुसते पूर्ण नमुने मोजले तर 9 सेंटपर्यंत पोचता येतं. शिखराच्या आजूबाजूच्या तीन बिंदूंवर परवलय बसवला की चूक एका सेंटच्या आत येते. पायथन ही प्रोग्रामची भाषा आणि तिच्यातलं नमपाय हे गणिताचं साधन वापरून हे शेसव्वाशे ओळींत होतं. साउंडकार्डाचं घड्याळ दहा हजारात एका भागाने चुकलं तरी फरक सेंटच्या पाचव्या हिश्शाहून कमी, म्हणून साधा यूएसबी माइकही चालतो.

प्रोग्रामने आकडा सांगून थांबू नये, आलेख काढावा, एवढं मी पाहिलं. आडवी वेळ, उभे सेंट. मधली रेघ म्हणजे पांढरी सहाला 440 हर्ट्झ धरून येणारी काळी पाच.

आलेखात काय दिसलं

मुलाचा सूर 20 ते 25 सेंट वर सुरू होत होता. प्रत्येक वेळी, जवळपास त्याच जागी. मग कान जागा झाला की रेघ उतरायला लागायची, सेकंदाभरात 10 सेंटच्या खाली यायची आणि तिथे काटेरी होऊन जायची. आलेखाच्या खालच्या पट्टीत मी उपस्वरांची ताकद दाखवली होती. सूर जसा उतरे तसे वरचे उपस्वर गळत जात. "आवाज मरतो" म्हणजे काय ते पडद्यावर दिसत होतं.

याचं कारण नळीत आहे. पितळी वाद्यातली हवा काही ठरावीक जागांवरच मनापासून घुमते. ओठ त्या जागेशी जुळले की नळी साथ देते आणि आवाज खुलतो. ओठ सैल करून सूर त्या जागेखाली ओढता येतो, वीसपंचवीस सेंटसुद्धा, पण मग नळीची साथ सुटते. सगळं काम ओठांच्या स्नायूंवर पडतं, आवाज निस्तेज होतो आणि माणूस लवकर थकतो. मुलाची तिन्ही लक्षणं याच एका कारणाने उलगडत होती. त्याचा कान पक्का होता म्हणूनच तो नळीशी झगडत होता. कच्च्या कानाचा मुलगा 25 सेंट वर खुशाल वाजवत राहिला असता आणि त्याचा आवाजही सुंदर लागला असता!

पुढच्या सरावाला लॅपटॉप घेऊन गेलो आणि मास्तरांना विनंती केली. त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांच्या आलेखात सूर त्याच जागी सुरू झाला, वीसेक सेंट वर, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मधल्या रेघेवर येऊन सरळ पुढे गेला. कानाला तो पहिला तुकडा कळतच नाही. उपस्वर त्यांचेही गळलेले होते, पण मुलाइतके नाहीत. पन्नास वर्षांच्या रियाजाने त्यांचे ओठ वाद्याची चूक आपोआप झाकत होते. मास्तर आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी वाद्य तपासलंच नाही. मी ते सांभाळून घेतलं." इतका मोठा वादक हे इतक्या मोकळेपणाने बोलला, त्यामुळे पुढचं सगळं सोपं झालं.

तरी खात्री हवी होती. प्रोग्राममध्ये एक भर घातली: मुलाच्या हेडफोनमध्ये तंबोऱ्यासारखा सलग सूर सोडायचा, कधी 440 च्या हिशोबाचा, कधी 446 च्या, म्हणजे मुलाचा सूर सुरू व्हायचा तितकाच, 23 सेंट वरचा. क्रम संगणकाने मनाने ठरवायचा, कोणता चालू आहे ते मुलालाही माहीत नाही आणि मलाही. 440 च्या सुरावर तीच उतरती, काटेरी रेघ. 446 वर रेघ सुरुवातीपासून सपाट, उपस्वर भरघोस, आणि हेडफोन न लावलेल्या मला ऐकू येणारा आवाज एकदम कॉर्नेटचा. खोलीत चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोने विचारलं, "आता दुसरं वाद्य घेतलंत का?"

446 कुठून आलं

वाद्य चढं आहे हे ठरलं. का चढं आहे, हा प्रश्न उरला.

हवामान आधी तपासलं. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो: 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर, 35 अंशांना सुमारे 352. नळीतली सगळी हवा तेवढी तापली तर सूर 40 सेंटहून अधिक चढेल. प्रत्यक्षात फुंकर मुळातच गरम असते म्हणून फरक बराच कमी पडतो, पण पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेचा आणि मेच्या दुपारचा पितळी सूर एक नसतो हे कोणताही बँडवाला सांगेल. मात्र त्याच खोलीत, त्याच वेळी माझं युफोनियम आणि दोन्ही ट्रम्पेट मधल्या रेघेवर होते. गरम झाली असती तर सगळीच वाद्यं झाली असती. माउथपीस बदलून पाहिला; दोनचार सेंट इकडेतिकडे, त्याहून जास्त काही नाही.

मग जुन्या पट्ट्यांकडे वळलो. आज पांढरी सहा म्हणजे 440 हे जगभर गृहीत धरलेलं आहे, पण ते अलीकडचं. फ्रान्सने 1859 मध्ये 435 ठरवलं. इंग्लंडमध्ये वाद्यवृंदांचा सूर चढत चढत 452 वर गेला होता. 1939 ची लंडन परिषद 440 वर स्थिरावली आणि नंतर आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तेच उचललं. या यादीत 446 कुठेच बसत नाही. कोणत्याही काळातल्या कोणत्याही शहाण्या कारखान्याने 446 चं कॉर्नेट बनवण्याचं कारण दिसेना.

उत्तर कारागिराच्या हातून आलं. कॉर्नेटची मुख्य स्लाइड, म्हणजे सूर मिळवायला ओढतात ती वाकडी नळी, जाम झाली होती. ती साधारण सेंटिमीटरभर बाहेर आलेल्या अवस्थेत अडकली होती आणि कित्येक वर्षं हलली नव्हती. आमच्यापैकी कोणीही ती हलवण्याचा आग्रह धरला नव्हता, कारण पकडीने पिरगाळली तर पातळ पितळ दुमडतं. बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ती नेली. त्याने सांध्यांवर पातळ तेल सोडून वाद्य रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या नळीवर दिव्याची आच हलकेच फिरवली, म्हणजे ती आतल्या नळीच्या आधी फुगेल. आणि स्लाइडच्या वळणात सुती पट्टा घालून एकच कोरडा झटका दिला. स्लाइड सुटून हातात आली. आतल्या दोन्ही पायांवर हिरवा थर होता आणि त्या थराला जिथे कड होती तिथेच ती इतकी वर्षं बसून होती.

पाय साफ करून, तेल लावून स्लाइड पूर्ण आत सरकवली. मुलाने सूर लावला. प्रोग्रामने 48 सेंटच्या आसपास रेघ काढली. 440 पेक्षा 48 सेंट वर म्हणजे 452.4. हा आकडा मी आदल्या आठवड्यात वाचून ठेवला होता.

बँडची जुनी पट्टी

452.4 ही ब्रिटिश लष्करी बँडची जुनी ठरलेली पट्टी. 1857 मध्ये लंडनजवळ नेलर हॉलला लष्करी संगीताची शाळा निघाली, आणि पलटणींच्या बँडमास्तरांना तिथे एकाच शिस्तीत तयार करायला सुरुवात झाली. इंग्लंडमधल्या मैफलींच्या वाद्यवृंदांनी 1896 मध्ये चढी पट्टी सोडून 439 धरली. पलटणींना ती सोडायला आणखी काही दशकं लागली, कारण पट्टी बदलायची तर अख्ख्या बँडची वाद्यं बदलायची. तिथले कामगार वस्त्यांतले ब्रास बँड तर 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढ्या पट्टीतच वाजत होते. मोठ्या कारखान्यांनी त्या पट्टीची वाद्यं करणं थांबवलं तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. मग जुन्या वाद्यांच्या स्लाइड लांब करून घेण्याची एकच धांदल उडाली.

आजोबांच्या कॉर्नेटच्या घंटेवरची, म्हणजे पुढच्या फुललेल्या तोंडावरची, कोरीव अक्षरं झिजली आहेत, पण भिंगातून "लंडन" एवढं वाचता येतं. आपल्याकडचे बँड छावण्यांतल्या पलटणींचे आणि संस्थानांचे बँड बघूनच उभे राहिले. मीरतच्या जली कोठीत नादिर अली अँड कंपनीसारखी पेढी 1885 पासून या धंद्यात आहे, तरी विलायती वाद्याला मान वेगळाच असे आणि ते वडिलांकडून मुलाकडे जाई.

मी हे सगळं आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "आमचा अख्खा बँडच वर होता की. क्लॅरोनेटसुद्धा. पेटीवाला बसला की मास्तर म्हणायचे, पेटी नको आपल्यात, ती उतरी आहे." बँड एकत्र वाजत असतो तोवर सगळेच चढे, कोणाला काय कळणार? ढोल-ताशाला तर पट्टीच नाही. गाडीवर कीबोर्ड चढला तेव्हा खरी पंचाईत झाली. त्या सुमारास कधीतरी आजोबांनी किंवा आणखी कोणी स्लाइड सेंटिमीटरभर ओढून मधला मार्ग काढला असावा, आणि ती तिथेच रुतून बसली.

काळी पाचपासून 48 सेंट वर म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध. पेटीवर ती पट्टीच नाही. हे वाद्य बिघडलेलं नव्हतं. ते ज्या मेळासाठी घडलं तो मेळ उठून गेला होता.

उपाय

मुलाच्या वडिलांचं म्हणणं, नवीन ट्रम्पेट घेऊन टाकू. कारागिराने सुचवलं की मुख्य नळीत तुकडा घालून डाग देऊ, कायमचं काम होईल. आजोबा गप्प होते. मला कापाकापी नको होती, कारण कापलेलं वाद्य परत जोडता येत नाही आणि आमच्याकडे अजून गणित शिल्लक होतं.

452.4 वरून 440 वर यायचं तर नळी 2.8 टक्के लांब व्हायला हवी. काळी पाचच्या कॉर्नेटची नळी साधारण 1.4 मीटर, त्याचे 2.8 टक्के म्हणजे सुमारे 40 मिलिमीटर. स्लाइडला दोन पाय असल्याने ती 20 मिलिमीटर ओढली की पुरे. इथपर्यंत सगळेच येतात, आणि इथेच थांबतात.

गंमत पुढे आहे. व्हॉल्व्ह दाबला की हवा एका जादा वेटोळ्यातून जाते. दुसरा व्हॉल्व्ह सूर अर्धा स्वर उतरवतो, त्यासाठी नळी 5.95 टक्के वाढावी लागते. पहिला एक स्वर उतरवतो, 12.25 टक्के. तिसरा दीड स्वर, 18.92 टक्के. हे टक्के मूळ नळीचे आहेत. मूळ नळी आपण वाढवली आणि वेटोळी होती तेवढीच ठेवली, तर ती आता तोकडी पडतात. हिशोब केला: फक्त मुख्य स्लाइड ओढली तर दुसऱ्या व्हॉल्व्हचा सूर अडीच सेंट चढा राहतो, पहिल्याचा 5, आणि तिन्ही एकत्र दाबल्यावर 13 सेंटची भर पडते. ती भरच आहे, कारण तीन व्हॉल्व्हच्या वाद्यात मुळातच एक दोष असतो. वेटोळ्यांची बेरीज 37.12 टक्के होते, तीन स्वर उतरायला मात्र 41.42 टक्के लागतात. त्यामुळे तिन्ही दाबून निघणारा मधल्या सप्तकातला कोमल रे कागदावर 53 सेंट चढा असतो, आणि पहिला-तिसरा दाबून निघणारा शुद्ध रे 30 सेंट. कारखानदार तिसरं वेटोळं जरा लांब ठेवून हे निभावून नेतात. माझ्या युफोनियमसारख्या वाद्यांत यावरचा कायमचा इलाज असतो: डेव्हिड ब्लेकलीने 1874 मध्ये काढलेली भरपाईची व्यवस्था, जिच्यात व्हॉल्व्ह एकत्र दाबले की हवा आणखी एका छोट्या वेटोळ्यातून फिरून येते. कॉर्नेटला ती चैन नाही.

म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइडही त्याच प्रमाणात ओढायची ठरवली: पहिली 2.4 मिलिमीटर, दुसरी 1.2, तिसरी 3.7. दुसरी सुटलीच नाही, कारागिरानेही जोर केला नाही, आणि अडीच सेंटसाठी मीही धरून बसलो नाही. बाकीच्यांचं माप दर वेळी तेच यावं म्हणून नळीच्या पायांवर तांब्याच्या तारेची वळी बसवली. वळ्यापर्यंत स्लाइड आत ढकलायची. मोजपट्टी लागत नाही. कोणतंही वळं नखाने निघतं.

पहिल्या सरावाला कीबोर्डने काळी पाच धरली. मुलाचा सूर मधल्या रेघेच्या दोनतीन सेंट इकडेतिकडे लागला आणि तिथेच राहिला. अर्ध्या तासानंतरही ओठ शाबूत होते. आवाज 446 च्या चाचणीत खुलला होता तितका पूर्ण खुलत नाही, हे खरं आहे. स्लाइड इतकी ओढली की दोन नळ्यांच्या मध्ये रुंद पोकळी उरते आणि वरच्या सप्तकातले सूर एकमेकांपासून किंचित फाटतात. तार सा आता दहाएक सेंट उतरा लागतो. तो ओठांनी वर घ्यावा लागतो. पण वर घेणं खाली ओढण्याइतकं जाचक नाही, आणि मुलगा ते कुरकुर न करता करतो.

शुद्ध रे राहिला. नव्या कॉर्नेटला तिसऱ्या स्लाइडवर बोट अडकवायची कडी असते, वाजवताना ती क्षणात ढकलता येते. इथे ती नाही, आणि भूपाचा मधल्या सप्तकातला रे लांबवला की कानाला लागतोच. त्यासाठी कागदावर काम केलं. आमच्या सगळ्या चिजांचं स्वरलेखन म्यूजस्कोर या प्रोग्राममध्ये आहे. जिथे कॉर्नेटला तो रे लांब धरायचा होता तिथे तो काढून माझ्या युफोनियमला दिला. युफोनियमवर तोच सूर वरच्या अंगाला, एकट्या पहिल्या व्हॉल्व्हवर पडतो आणि सुखाने लागतो. कॉर्नेटला तिथे प दिला. ओघातला रे तसाच ठेवला. जाता जाता घेतलेल्या सुराला 30 सेंटचा बोभाटा होत नाही.

नवीन ट्रम्पेट अजून घेतलेलं नाही. आजोबांच्या जुन्या मेळातले एक क्लॅरोनेटवाले अजून वाजवतात, आणि त्यांचं वाद्य त्याच चढ्या पट्टीतलं आहे. क्लॅरोनेटची छिद्रं लाकडात कोरलेली असल्याने ते खाली आणता येत नाही. सांधे ओढले तर काही सूर उतरतात आणि काही जागेवरच राहतात. ते घरी येतात तेव्हा मुलगा तारेची वळी काढतो, सगळ्या स्लाइड आत ढकलतो आणि 452 वर त्यांच्याबरोबर वाजवतो. तेव्हाचा त्याचा आवाज आमच्या सरावातल्या आवाजाहून सरस असतो, हे मी आलेख न काढता सांगू शकतो.

मास्तरांनी आता त्यांच्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाची रेघ मागायला सुरुवात केली आहे. लॅपटॉप दर वेळी नेणं जमत नाही, म्हणून तो प्रोग्राम रास्पबेरी पाय या हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर उतरवतो आहे. त्याला माइकचं भोक नसतं, यूएसबी माइक लावावा लागतो. पडदा सरावाच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीचा. सूर कुठे सुरू झाला आणि कुठे गेला, हे वादकाला तिथल्या तिथे दिसेल. सरासरीचा हिरवा दिवा मुद्दामच ठेवलेला नाही.